निसान वन टनचा फॅन बेल्ट कुठे मिळेल? तीन बदलून झाले, एक पण टिकेना

कराडचा_वनटन

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय ते पण वैतागून. माझ्याकडे निसान वन टन, म्हणजे एक टनी ट्रक, आहे, आर्मी डिस्पोजलची, जबलपूरला व्हेइकल फॅक्टरीत बनलेली. पेट्रोलच आहे अजून, डिझेल बसवलेलं नाही, तेच सहा सिलिंडरचं ३९५६ सीसीचं इंजिन जे जोंग्यात, म्हणजे निसानच्याच आर्मी जीपमध्ये, पण येतं. लिलावातनं मी घेतलेली नाही, इकडच्या एका बागायतदाराकडनं घेतली, त्याने आधी पाण्याची टाकी ओढायला वापरली आणि मग शेडमध्ये सोडून दिली, मी बघायला गेलो तेव्हा बॉनेटवर कोंबड्या बसलेल्या.

इंजिनचं काम करून घेतलं, कार्ब्युरेटर साफ, ब्रेकचे रबर सगळे नवीन, मस्त चालायला लागली. आता फक्त फॅन बेल्टने जीव नकोसा केलाय, इंजिनवरनं पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर फिरवणारा पट्टा तो. जुना बेल्ट निघाला तेव्हा त्याच्यावरचा नंबर पुसलेला, बी असं अक्षर दिसतंय आणि पुढे ४ आणि मग काहीतरी. मी सुतळी गुंडाळून माप घेतलं ११९५ मिमी. ते घेऊन दुकानात गेलो, त्याने १७ मिमी रुंद ११९५ म्हणून बेल्ट दिला, बसवला तर आल्टरनेटर पार शेवटपर्यंत ओढला तरी लोंबतोय, साडी वाळत घातल्यासारखा. दुसऱ्या दुकानात गेलो, तो म्हणाला आल्टरनेटरची पुली बारीक आहे तुम्हाला १३ चा लागेल, तो घातला तर किंचाळायला लागला, सकाळी गाडी चालू केली की अख्खी आळी जागी. तिसरा परत १७ चा, लांबी बरोबर बसली, मला वाटलं झालं काम, पोरांना घेऊन चिपळूणला निघालो. हेळवाक सोडून कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी चार्जिंगचा दिवा लागला, दोन मिनिटात तापमानाचा काटा लाल्यात. बॉनेट उघडलं तर बेल्टच्या नुसत्या दोऱ्या, रेडिएटरच्या जाळीत अडकलेल्या.

आता मला एक जण म्हणतोय मिलिटरीचा बेल्ट वेगळाच असतो, बाजारात मिळतच नाही, तो बंगालात पानागडच्या नाहीतर दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारातच मिळेल. दुसरा एक जण डब्यातला पॅक आर्मीचा बेल्ट देतोय, ओरिजनल म्हणतो, १८०० रुपये. घेऊ का? कुणाकडे पार्ट नंबर आहे का? कुठल्या शहरात कुठल्या बाजारात जाऊ सांगा, मी जायला तयार आहे.


सदाशिवपेठी_पान्हा

पानागडला जायच्या आधी एक करा, पुढच्या दुकानात "मिलिटरीची गाडी आहे" हे सांगणं बंद करा. ते ऐकलं की काउंटरवरचा माणूस एकतर हात वर करतो नाहीतर भाव वर करतो.

बेल्ट मिलिटरीचा नसतो हो. व्ही बेल्टला दोनच गोष्टी लागतात, सेक्शन आणि लांबी. सेक्शन म्हणजे वरची रुंदी आणि जाडी. ए म्हणजे १३ बाय ८, बी म्हणजे १७ बाय ११, सी म्हणजे २२ बाय १४. तुमच्या जुन्या बेल्टवर बी आहे म्हणजे १७ बाय ११ चा होता, आणि पुढचा आकडा इंच, बी ४४, बी ४५ असा काहीतरी. पिठाच्या गिरणीला, मळणी मशीनला, लेथला, कॉम्प्रेसरला सगळीकडे हीच भानगड. तुमच्या इंजिनचा बोर ८५.७ आणि स्ट्रोक ११४.३, आता हे इंचात करून बघा, सव्वातीन आणि एक अष्टमांश, म्हणजे ३ ३/८, आणि स्ट्रोक बरोब्बर साडेचार. जपानी इंजिन असलं तरी डोकं इंचातलं आहे, त्यामुळे बेल्ट पण इंचातला निघाला यात नवल नाही.

आता तुमचा पहिला बेल्ट का लोंबला ते सांगतो, कारण या चुकीत निम्मा महाराष्ट्र पैसे घालवतो. बी ४७ मधले ४७ इंच हे बेल्टच्या आतल्या बाजूचं माप असतं. तुम्ही सुतळी पुलीच्या वरच्या काठावरून फिरवली असणार, म्हणजे तुमचे ११९५ हे बाहेरचं माप. दुकानदाराने ते आतलं समजून ४७ इंच, म्हणजे ११९४, काढून दिला. आतलं आणि बाहेरचं यात फरक किती, तर जाडी गुणिले ६.२८, बी ला ११ गुणिले ६.२८ म्हणजे ६९ मिमी. सात सेंटीमीटर जास्तीचा बेल्ट घातलात तुम्ही, लोंबणारच.

म्हणजे तुम्हाला ११९५ वजा ६९, ११२६ आतलं, म्हणजे बी ४४ किंवा ४५. आणि गाड्यांच्या दुकानात १३ बाय ११७५ असं छापून येणारे जे बेल्ट असतात त्यांच्यावर ला (La) असं लिहिलेलं असेल तर ते बाहेरचं माप, ली (Li) असेल तर आतलं. एक वेलांटी बघायची राहिली की परत हेलपाटा.

कुठे मिळेल: गाड्यांच्या पार्टच्या दुकानात जाऊच नका. बेअरिंग आणि बेल्ट विकणारा इंडस्ट्रियल दुकानदार गाठा, कुठल्याही एमआयडीसीच्या गावात असतो, कराडात पण असेल. मुंबईला येणं होत असेल तर नागदेवी स्ट्रीट. फेनर, पिक्स, काय हवं ते. पिक्स तर नागपूरचेच, उगाच बंगालपर्यंत कशाला जाताय.

तिसरा बेल्ट लांबीला बरोबर असून का फाटला ते मात्र फोटो बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.


ईएमई_फौजी

जय हिंद. मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये, होतो, वन टन, जोंगा, शक्तिमान तिन्हींवर हात काळे केलेत. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आता साताऱ्याकडे शेती.

पार्ट नंबरचं म्हणाल तर डब्यावर एलव्हीने सुरू होणारा नंबर असायचा, तो ऑर्डनन्सच्या कॅटलॉगचा नंबर, कंपनीचा नव्हे. तो नंबर घेऊन बाजारात गेलात तर कुणी ओळखणार नाही. आमच्याकडे स्टोअरवाला नंबर बघून द्यायचा, आम्ही बेल्ट बघून घ्यायचो, आणि बेल्टवर नाव एखाद्या सिव्हिल कंपनीचंच असायचं.

तो डब्यातला बेल्ट घेऊ नका. १८०० काय १८० ला पण नको. वन टन फौजेतनं निघून किती वर्षं झाली विचार करा, त्या वेळचा रबर आहे तो. डबा पॅक असला म्हणून रबर थांबत नाही. दिसायला काळाकुळकुळीत असतो, उलटा वाकवला की आतनं बारीक चिरा दिसतात. बसवल्यावर दोन तास चालेल आणि मग तुमचं परत हेळवाक. आठवण म्हणून भिंतीवर लावायचा असेल तर वेगळी गोष्ट.

आणि मला एक सांगा, तुम्ही आल्टरनेटर म्हणताय. ओरिजनल डायनमो कुठे गेला? गाडी १२ व्होल्टची केलीय का कुणी? रेडिओवाली, म्हणजे एफएफआर गाडी असेल तर तिचं चार्जिंग अजून वेगळं असायचं. माझा संशय तिकडेच आहे. बेल्टला शिव्या देऊ नका, बेल्ट बिचारा दोन पुल्यांच्या भांडणात मरतोय.

बाकी आमच्याकडे रोज सकाळी फर्स्ट परेडला पाणी, तेल, हवा, फॅन बेल्ट बघितल्याशिवाय गाडी हलायची नाही. अंगठ्याने दाबून बघायचा. ड्रायव्हरला विचारलं किती दाबला गेला आणि तो चाचरला की संपलं, बॉनेट परत उघड.


कराडचा_वनटन

बापरे, एवढं कुणी दुकानात सांगितलं असतं तर दोन बेल्टचे पैसे वाचले असते. वेलांटीचं खरंच माहीत नव्हतं, आत्ता जाऊन १३ वाला बघितला तर त्याच्यावर ला आहे.

फौजी काका, तुमचा संशय बरोबर. आधीच्या मालकाने डायनमो काढून कुठल्यातरी छोट्या कारचा आल्टरनेटर बसवलाय, पट्टीला भोकं पाडून, वायसर लावून. गाडी १२ व्होल्टची आहे आता, वायरिंग सगळं त्यानेच बदललेलं. डायनमो कुठे विचारलं तर म्हणाला भंगारात घातला, तांब्याचा भाव चांगला आला.

व्हर्नियर घेऊन बसलो होतो रविवारी. क्रँकची, म्हणजे इंजिनची, पुली बाहेरनं १६५ मिमी, खाचेची वरची रुंदी १७ ला जरा वर. पंपाची पुली पण तशीच १७ ची. आल्टरनेटरची पुली बाहेरनं ६८ आणि खाच १३. तिसरा बेल्ट जो फाटला त्याचे तुकडे ठेवलेत, बाजूच्या कडा झिजलेल्या नाहीत पण खालचे कोपरे उडालेत.


उद्यमनगरचा_टर्नर

मग इथंच सापडलं की. फौजींनी बरोबर नाडी पकडली. कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलं आमचं, असली भांडणं रोज येतात.

बघा, १७ चा बेल्ट १३ च्या खाचेत बसवला तर तो आत जाणारच नाही, वरतीच अडकून बसतो. किती वर, तर साधारण ६ मिमी. तुमचा बेल्ट ११ मिमी जाड, म्हणजे निम्म्याच्या वर बाहेर लोंबकळतोय आणि खालचे दोन कोपरे तेवढे पुलीच्या काठाला घासतायत. ते कोपरे उडालेत म्हणताय ना, तेच. आणि उलटं केलं, १३ चा बेल्ट १७ च्या खाचेत टाकला, तर तो तेवढाच ६ मिमी खाली जातो आणि तळाला टेकतो. व्ही बेल्ट कधी तळाला टेकायचा नसतो, तो दोन बाजूंनी पाचरीसारखा धरतो, तळाला टेकला की पाचर संपली, नुसता घसरतो, म्हणून किंचाळला. क्रँकच्या पुलीच्या खाचेचा तळ बघा, चकाकत असेल तर त्या १३ वाल्याने चकाकवलाय. म्हणजे १७ देणारा आणि १३ देणारा दोन्ही दुकानदार रुंदीपुरते आपापल्या जागी बरोबर आणि तुमची गाडी पण बरोबर, फक्त तिच्यात दोन घरच्या पुल्या नांदतायत.

शिवाय ६८ ची पुली बी बेल्टला फारच बारीक. तक्त्यात बघाल तर साध्या बी बेल्टला १२५ च्या खाली पुली देऊ नका लिहिलेलं असतं. ते चोवीस तास चालणाऱ्या मशीनचं गणित आहे, गाडीत जरा कमी चालतं, पण ६८ म्हणजे मनगटाएवढ्या गोलात जाड दोर वाकवल्यासारखं. आतनं तापतो आणि मग दोऱ्या सुटतात. घाटात बॉनेटखाली आधीच भट्टी असते.

उपाय सोपा आहे, बेल्ट शोधत फिरू नका, आल्टरनेटरची पुली नवी करून घ्या. १७ ची खाच, बाहेरनं ९५ च्या आसपास, कास्ट आयर्न किंवा ईएन ८ स्टीलमध्ये, अ‍ॅल्युमिनियम नको. खाचेचा कोन ३४ अंश सांगा टर्नरला. बेल्टचा कोन ४० असतो मग खाच ४० ची का नाही असं बरेच विचारतात, तर बेल्ट लहान पुलीवर वाकला की आतली बाजू दबून फुगते आणि त्याचा कोन कमी होतो, म्हणून लहान पुलीला ३४. टर्नर ४० करतो म्हणाला तर दुसरा टर्नर बघा.


जोंगा_नागपूर

भाऊ लोक, एवढं कायले डोकं लावता. माझ्या जोंग्यात पण आल्टरनेटरच आहे, कारचाच, मी १७ चा दातेरी बेल्ट टाकला आतनं खाचा असलेला, तीन वर्ष झाले, काही नाही झालं. दातेरी बेल्ट बारीक पुलीवर मस्त वाकतो. पुली बनवायचा खर्च कशाला.

आणि पुली मोठी केली का आल्टरनेटर स्लो होते हे कोणी नाही सांगितलं. रात्री हेडलाईट लावून ट्रॅफिकमध्ये उभे राहा मग समजते.


उद्यमनगरचा_टर्नर

नागपूरकर, दातेरीचं बरोबर बोललात, मी पण तेच सांगणार होतो, ९५ वर पण दातेरीच घ्या, बीएक्स मागायचा. पण तुमच्या आल्टरनेटरची पुली १७ ची असणार, एकदा मोजून सांगा. १३ च्या खाचेत १७ चा बेल्ट, दातेरी असो नाहीतर सोन्याचा असो, कोपऱ्यावरच चालणार.

स्लो होण्याचं पण खरं आहे, लपवत नाही. आत्ता १६५ भागिले ६८, म्हणजे इंजिनच्या एका फेऱ्याला आल्टरनेटर २.४ फेरे. ९५ ची केली की १.७. आयडलला इंजिन ६०० वर असेल तर आधी साधारण १४५० मिळत होते, आता १०४० मिळतील. कारचा आल्टरनेटर हजार-बाराशेच्या आसपास जागा होतो, म्हणजे आयडलला चार्जिंगचा दिवा मिणमिणेल, जरा रेस दिली की विझेल. ट्रॅक्टरवाले आयुष्यभर असंच चालवतात. घाटात इंजिन दोन हजारावर असताना आल्टरनेटरला साडेतीन हजार मिळतात, भरपूर झाले.


जोंगा_नागपूर

मोजली बाप्पा. १७ चीच आहे. कोणीतरी आधीच बदलली वाटते. मी शब्द मागे घेतो, बेल्ट नाही घेत.


सदाशिवपेठी_पान्हा

नागपूरकरांनी जाहीरपणे चूक कबूल केली, तारीख लिहून ठेवा कुणीतरी.

वन टनवाले, एक महत्त्वाचं राहिलं. पुली बदलली की लांबी पण बदलणार. आधीचा ११२६ चा हिशोब आता विसरा, नवीन पुली बसवून आल्टरनेटर पट्टीच्या गाळ्यात आतल्या बाजूला, साधारण एक तृतीयांशावर ठेवून परत सुतळी फिरवा. अगदी आत ठेवून मोजलं तर ताणायला जागा राहते पण बेल्ट घालताना चढवता येत नाही, आणि मग लोक स्क्रू ड्रायव्हरने पुलीच्या काठावरून उचकटून चढवतात. तिथेच बेल्टच्या आतला दोर तुटतो, बाहेरून काही दिसत नाही आणि महिन्याभरात शिव्या बेल्ट कंपनीला. सुतळी पण ताणणारी नको, पतंगाचा जाड मांजा किंवा बारीक वायर घ्या.


ईएमई_फौजी

टर्नर साहेबांनी पुलीचं सांगितलं, मी लाईनचं सांगतो. आल्टरनेटर भोकं पाडून, वायसर लावून बसवलाय म्हणालात, म्हणजे तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत का हे कुणी बघितलेलंच नसणार. क्रँक पुलीच्या तोंडाला सरळ पट्टी लावा आणि आल्टरनेटरपर्यंत न्या. पट्टी नसेल तर दोरी ताणून. मात्र पुल्यांच्या काठाची जाडी सारखी नसते, त्यामुळे खाचेच्या मधोमध बघायचं, काठ बघून फसू नका. फुटाला दीड मिमीच्या वर तिरकी असेल तर वायसर कमी-जास्त करा. बेल्टची एकच बाजू चकाकत असेल तर समजायचं तिरकं चाललंय.

टाईट करताना आल्टरनेटरला पहारीने ओढू नका, लोक पहार मागच्या झाकणावर टेकवतात आणि झाकण तडकतं. सगळ्यात लांब जो पट्टा मोकळा दिसतो त्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबा, १०-१२ मिमी जायला पाहिजे. नवीन बेल्ट पहिल्यांदा बसतो, अर्धा तास चालवून परत दाबून बघा, मग दुसऱ्या दिवशी एकदा. जास्त टाईट केला तर बेल्ट तर लवकर जातोच, पंपाचं बेअरिंग पण जातं, आणि या इंजिनच्या पंपाचं किट शोधायला निघालात तर मग खरंच पानागड.

आणि किंचाळतोय म्हणून साबण, राळ, ग्रीस असलं काही लावू नका. माझ्या डोळ्यासमोर एकाने खोबरेल तेल लावलं होतं. वास छान आला दोन किलोमीटर.


कराडचा_वनटन

खोबरेल तेलावर हसून घरचे बाहेर आले बघायला. मी साबण लावला होता हे इथे सांगणार नव्हतो.

अजून एक, आमच्या गावचा मिस्त्री म्हणतो स्कूटरच्या ट्यूबची पट्टी कापून गाठ मारून घातली की गाडी घरी येते. घाटात अडकलो तेव्हा एका ट्रकवाल्याने ते करून पण दिलं, दोन किलोमीटर आलो आणि ती पण तुटली, शेवटी ट्रॅक्टरने ओढून आणली. याला काही बरा उपाय आहे का, समजा परत कुठे अडकलो तर?


उद्यमनगरचा_टर्नर

लिंक बेल्ट म्हणून मिळतो, कड्या-कड्यांचा, हवा तेवढा तोडायचा आणि कड्या एकमेकीत पिळून अडकवायच्या. कारखान्यात जिथे मशीन खोलल्याशिवाय बेल्ट घालता येत नाही तिथे वापरतात. बी सेक्शनचा, तुमच्या बेल्टच्या लांबीपेक्षा जरा जास्तीचा घेऊन गाडीत टाका, फॅनला हात न लावता बसतो. महाग असतो साध्या बेल्टपेक्षा, पण ट्रॅक्टरवाल्याला ओढायचे किती दिले ते आठवा.

ट्यूबची पट्टी म्हणजे निव्वळ देवाचं नाव. त्यापेक्षा बेल्ट तुटला की आधी गाडी बंद करा. याच बेल्टवर वॉटर पंप आहे, चार्जिंगचं सोडा, पाणीच फिरायचं थांबतं. दोन मिनिटात काटा लाल्यात गेला म्हणालात तेव्हाच लगेच बंद केलीत ना?


कराडचा_वनटन

लगेच म्हणजे… रस्त्याच्या कडेला घेईपर्यंत. पण हेड गॅस्केट ठीक आहे, कॉम्प्रेशन चेक करून घेतलं नंतर, सहाही सिलिंडर जवळपास सारखे.


कराडचा_वनटन

तीन आठवडे झाले, अपडेट देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल काम झालं की गायब.

पुली कोल्हापुरातच करून घेतली, ईएन ८ मध्ये, ९५ बाहेरनं, ३४ अंश. टर्नरला कोन सांगितल्यावर त्याने चष्म्यातनं असं बघितलं की हा कुठनं शिकून आला. शाफ्टच्या चावीचा गाळा जरा ढिला झाला होता पहिल्यांदा, परत करून दिला, जास्तीचे पैसे नाही घेतले. पुली बसवल्यावर पट्टी लावली तर आल्टरनेटर चक्क ५ मिमी पुढे होता. दोन वायसर काढले आणि मागच्या पायाखाली एक बुश घातला तेव्हा कुठे लाईनीत आला. म्हणजे आधीचे तिन्ही बेल्ट तिरके पण चालत होते.

वायर फिरवून माप आलं १२३२. त्यातनं ६९ वजा, ११६३. म्हणजे बी ४६, कारण ४६ इंच ११६८ होतात. बेल्टवाल्याकडे गेलो, मिलिटरी शब्द उच्चारला नाही, नुसतं म्हणालो बीएक्स ४६ द्या. त्याने वर बघितलं पण नाही, मागच्या खिळ्यावरचा काढला आणि दिला. दोन घेतले. मी महिनाभर ज्याच्यासाठी चार दुकानं फिरलो ती वस्तू माझ्या घरापासनं दीड किलोमीटरवर टांगलेली होती.

परवा कुंभार्ली चढलो आणि उतरलो, मुद्दाम दुपारी. वर पोहोचून हात लावला, बेल्ट गरम होता पण हात ठेवता येत होता. चढायला सुरुवात करताना दाबलं होतं तेव्हा १२, घरी येऊन १५ जात होतं, तर परत ताणला, आता दोन दिवस तिथेच आहे. आयडलला चार्जिंगचा दिवा बारीक लागतो, टर्नर साहेबांनी सांगितलं तसंच, त्यामुळे घाबरलो नाही. सकाळी थंड असताना एक सेकंद चिर्र करतो आणि गप्प बसतो. हे चालेल का?

आणि पहिला जो लोंबणारा बी ४७ घेतला होता तो टाकायचा जीव होईना, तर शेजारच्या गिरणीवाल्याला दाखवला, त्याच्या मिरची कांडपाला बरोब्बर बसला. पैसे देत होता, मी म्हटलं दळण करून दे.


ईएमई_फौजी

एक सेकंद चिर्र चालेल. स्टार्ट करताना बॅटरी खर्च होते, ती भरायला आल्टरनेटर एकदम जोर मागतो. पाच सेकंद व्हायला लागलं की परत अंगठा.

दुसरा बेल्ट ठेवलाय कुठे?


कराडचा_वनटन

ड्रायव्हर सीटच्या मागे, खिळ्याला अडकवलाय. खाली पेट्रोलचा कॅन असतो.


ईएमई_फौजी

काढा तिथनं आजच. पेट्रोलची वाफ आणि रबर जमत नाही, बॅटरीजवळ पण नको, आणि खिळ्यावर महिनोन् महिने लटकला की एकाच जागी कायमचा मोडतो. जाड पिशवीत घाला, तीन वेढे करून, घडी न मारता, आणि टूल बॉक्समध्ये सगळ्यात वर ठेवा. पान्ह्यांच्या खाली नको.


कराडचा_वनटन

काढला. तीन वेढे होईनात, दोनच वेढे करून ठेवलाय.


उद्यमनगरचा_टर्नर

व्ही बेल्टचे एक नाहीतर तीन वेढे होतात, दोन कधीच होत नाहीत, झाले असं वाटलं तर एक पीळ आत राहिलाय. परत काढून बघा, आठ आकडा करून मग दुमडायचा.